शिफारस झाली, मग नेमणूक कुठे अडली?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

न्यायाधीशांच्या नेमणुका आणि न्यायालयांचे स्वातंत्र्य या विषयावर आलेल्या पत्रांतले नऊ प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

न्यायवृंदाने आमच्या जिल्ह्यातल्या एका वकिलांचे नाव उच्च न्यायालयासाठी सुचवल्याची बातमी आली. गावात सत्कारही झाला. वर्ष उलटले तरी शपथविधी नाही. इतके दिवस हा कागद असतो तरी कुठे?
— सोलापूर जिल्ह्यातील एक वाचक

आधी बातमी कोणत्या न्यायवृंदाची होती ते पाहा. न्यायवृंद, म्हणजे नेमणुकांसाठी नावे सुचवणारा ज्येष्ठ न्यायमूर्तींचा गट (कॉलेजियम). असे न्यायवृंद दोन असतात आणि मथळ्यात ते हमखास एक होतात. पहिला उच्च न्यायालयाचा : मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्याखालचे दोन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती. दुसरा सर्वोच्च न्यायालयाचा. उच्च न्यायालयातल्या नेमणुकांसाठी त्यात सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती बसतात. या दोन टप्प्यांमध्येच कित्येक महिने जातात. त्यामुळे सत्कार पहिल्या टप्प्यावर झाला असेल तर तो फार लवकर झाला.

कागदाचा प्रवास असा. जागा रिकामी होण्याच्या किमान सहा महिने आधी मुख्य न्यायमूर्तींनी प्रस्ताव पाठवायचा असतो. तो मुख्यमंत्र्यांकडे जातो आणि प्रती राज्यपाल, सरन्यायाधीश व केंद्रीय कायदामंत्र्यांकडे. राज्याने सहा आठवड्यांत मत कळवायचे. न कळवल्यास राज्याला काही म्हणायचे नाही असे धरून केंद्राने पुढे जायचे. दरम्यान गुप्तचर विभाग, म्हणजे आयबी, त्या व्यक्तीच्या सचोटीची आणि लौकिकाची चौकशी करतो. सगळी कागदपत्रे मग कायदा मंत्रालयातून सरन्यायाधीशांकडे जातात. उच्च न्यायालयाच्या कामकाजाची माहिती असलेल्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींचे मत घेऊन न्यायवृंद निर्णय करतो. त्यासाठी चार आठवडे. शिफारस परत कायदामंत्र्यांकडे गेली की त्यांनी शक्यतो तीन आठवड्यांत ती पंतप्रधानांपुढे ठेवायची आणि पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना सल्ला द्यायचा. मान्यता मिळाली की उमेदवाराकडून जन्मतारखेचा पुरावा आणि जिल्हा शल्यचिकित्सकाच्या सहीचे प्रकृती ठीक असल्याचे प्रमाणपत्र मागवतात. मग राष्ट्रपतींच्या सहीचे नियुक्तीपत्र, राजपत्रात अधिसूचना आणि शेवटी शपथ.

या कार्यपद्धतीत दोन टप्प्यांना मुदतच नव्हती : आयबीचा अहवाल, आणि तो आल्यावर केंद्राने कागद सरन्यायाधीशांकडे धाडणे. फाइल मुरायची ती बहुतेक तिथेच. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही फट बुजवण्याचा प्रयत्न केला. आयबीने चार ते सहा आठवड्यांत अहवाल द्यावा, आणि राज्याचे मत व अहवाल हाती आल्यावर केंद्राने आठ ते बारा आठवड्यांत फाइल पुढे पाठवावी, असे सांगितले.

आता हिशेब करा. राज्याचे सहा, केंद्राचे बारा, न्यायवृंदाचे चार, कायदामंत्र्यांचे तीन : पंचवीस आठवडे. सहा महिन्यांच्या आतले काम. म्हणूनच प्रस्ताव सहा महिने आधी पाठवायचा नियम आहे, जागा एक दिवसही रिकामी राहू नये यासाठी. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. कोण कधी निवृत्त होणार हे त्यांनी शपथ घेतली त्याच दिवशी ठाऊक असते. तरीही प्रस्ताव वेळेवर निघत नाहीत, आणि हा दोष सरकारचा नाही, उच्च न्यायालयांचा आहे. उशिराचे सगळे खापर दिल्लीवर फोडणाऱ्यांनी हेही मान्य करावे.

उशिराने काय बिघडते? रिकामी खुर्ची हा त्यातला लहान भाग. मोठा भाग ज्येष्ठतेचा. न्यायाधीशाची ज्येष्ठता शिफारशीच्या तारखेवरून धरत नाहीत, नेमणुकीवरून धरतात. दोघांची शिफारस एकाच दिवशी झाली, एकाची फाइल चार महिन्यांत निघाली आणि दुसऱ्याची दोन वर्षांनी, तर पुढे मुख्य न्यायमूर्ती कोण होणार, सर्वोच्च न्यायालयात कोण जाणार, हे त्या दोन वर्षांतच ठरून जाते. नकार न देता, कारण न लिहिता. शिवाय ज्या वकिलाचे नाव जाहीर झाले त्याच्याकडे नवा पक्षकार यायला कचरतो, कारण मध्येच वकील बदलावा लागेल. जुने मोठे खटलेही तोच सोडत जातो. वर्ष-दीड वर्ष असे गेले की काही जण कंटाळून संमतीच मागे घेतात. तुमच्या जिल्ह्यातल्या वकिलांचे नाव कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहायचे असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर न्यायवृंदाचे ठराव पाहा. ठरावात नाव नसेल तर कागद अजून तिथवर पोचला नाही किंवा निर्णय झालेला नाही, असे समजा.

सरकारला नाव पटले नाही तर ते परत पाठवू शकते का? आणि किती वेळा?
— पुण्यातील विधी शाखेचा विद्यार्थी

कारणे देऊन परत पाठवू शकते. न्यायवृंदाने त्या कारणांचा विचार करून तेच नाव एकमताने पुन्हा पाठवले तर नेमणूक करायची, असे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने ठरवले (त्याबद्दल पुढच्या उत्तरात). २०२१ मध्ये त्याला तीन ते चार आठवड्यांची मुदत जोडली गेली. 'किती वेळा' याचे कागदावरचे उत्तर म्हणून 'एकदा'.

अडचण अशी की ही मुदत मोडली तर पुढे काय, हे कुठेच लिहिलेले नाही. नियुक्तीपत्रावर राष्ट्रपतींची सही लागते, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, आणि मंत्रिमंडळाने सल्लाच दिला नाही तर न्यायालय स्वतः कुणाला नेमू शकत नाही. अवमानाची नोटीस काढणे एवढेच हाती राहते.

यादी फोडणे ही दुसरी युक्ती. न्यायवृंदाने चार नावे एकत्र पाठवायची, सरकारने तीन मंजूर करून एक मागे ठेवायचे. २०१४ मध्ये ज्येष्ठ वकील गोपाळ सुब्रमण्यम यांचे नाव असेच वेगळे काढले गेले. त्यांनी संमती मागे घेतली. यादी न्यायवृंदाला न विचारता फोडली याबद्दल तेव्हाचे सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्यासह दोन नावांची शिफारस झाली. दुसरे नाव मंजूर झाले, त्यांचे एप्रिलमध्ये परत आले. जुलैमध्ये फेरशिफारस झाली आणि ऑगस्टमध्ये त्यांनी शपथ घेतली. त्याच दिवशी आणखी दोघांनीही घेतली, आणि अधिसूचनेतल्या क्रमाप्रमाणे जोसेफ तिसरे आले. शिफारस सर्वांत जुनी, ज्येष्ठता सर्वांत खाली.

आमचे मत स्पष्ट आहे : सरकारला आक्षेप घेण्याचा पूर्ण अधिकार असावा, पण तो लेखी आणि मुदतीत. फाइल न हलवणे हा आक्षेप नव्हे.

राज्यघटनेत 'न्यायवृंद' हा शब्दच नाही असे ऐकतो. मग न्यायाधीशच न्यायाधीशांना निवडतात ही पद्धत आली कुठून?
— साताऱ्यातील निवृत्त शिक्षिका

शब्द नाही हे खरे. अनुच्छेद १२४ म्हणतो की सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतील, आणि त्यासाठी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करतील. उच्च न्यायालयांसाठी अनुच्छेद २१७ आहे. त्यात सरन्यायाधीश, राज्यपाल आणि त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अशा तिघांशी विचारविनिमय सांगितला आहे. सगळा वाद 'विचारविनिमय' या एका शब्दाचा. विचारायचे म्हणजे ऐकायचेच का?

पहिली वीसेक वर्षे हा प्रश्न फारसा टोचला नाही, कारण सरन्यायाधीशांचे मत सहसा मानले जाई. १९७३ मध्ये तो टोचला. संसदेला घटना किती बदलता येते याबद्दलच्या केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिलला लागला, सात विरुद्ध सहा. त्यानंतर लगोलग सरकारने ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केले आणि त्यांना ज्येष्ठ असलेल्या शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर यांना डावलले. तिघांनीही त्या खटल्यात सरकारविरुद्ध मत दिले होते. तिघांनी राजीनामे दिले. मग आणीबाणी. त्या काळात उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या बदल्या त्यांची संमती न घेता झाल्या. आणीबाणीत बेकायदा स्थानबद्ध केलेल्या माणसालाही न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक असा लागला. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. १९७७ च्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांच्याऐवजी त्यांना कनिष्ठ असलेल्या बेग यांच्याकडे गेले. खन्नांनीही राजीनामा दिला. त्यांच्या मताची किंमत काय पडू शकते हे तो निकाल लिहिताना त्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

ही पार्श्वभूमी नसती तर पुढचे निकाल असे आले नसते. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात तर न्यायालयाने उलटेच सांगितले होते : विचारविनिमय म्हणजे सहमती नव्हे, शेवटचा शब्द सरकारचा. १९९३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हे फिरवले आणि सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिले. मात्र हे मत त्यांचे एकट्याचे नव्हे, दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांसह बनवलेले असले पाहिजे. न्यायवृंद जन्मला तो इथे. १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी न्यायालयाचा सल्ला मागितला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांसाठी दोनाचे चार झाले. आज तो सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती अशा पाच जणांचा आहे.

म्हणजे घटनेच्या एका शब्दाचा अर्थ न्यायालयाने तीनदा लावला आणि दुसऱ्यांदा लावताना स्वतःकडे अधिकार घेतला. हा आक्षेप चुकीचा नाही. पण १९७३ आणि १९७७ मध्ये जे झाले त्यावर दुसरा कुठला उपाय संसदेने तोवर केला होता, याचेही उत्तर आक्षेप घेणाऱ्याने द्यायला हवे.

मग संसदेने आयोग नेमला होता तो न्यायालयाने का रद्द केला? सगळे पक्ष एकत्र येऊन केलेला कायदा होता ना?
— नाशिकमधील एक वाचक

होता. ९९ वी घटनादुरुस्ती २०१४ मध्ये जवळजवळ एकमताने झाली आणि निम्म्याहून अधिक राज्यांनी तिला मान्यता दिली. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगात सहा जण होते : सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, केंद्रीय कायदामंत्री आणि दोन 'नामवंत व्यक्ती'. नामवंतांची निवड पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेता करणार होते.

कळीचा मुद्दा मात्र नकाराधिकाराचा होता. सहापैकी कोणत्याही दोघांनी विरोध केला की नाव बाद. म्हणजे तिन्ही न्यायमूर्ती एका नावावर ठाम असले तरी दोन नामवंत, किंवा कायदामंत्री आणि एक नामवंत, ते अडवू शकत होते. नामवंत म्हणजे कोण, त्यांना कायद्याची जाण हवी की नको, हे कायद्यात नव्हते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने दुरुस्ती घटनाबाह्य ठरली : न्यायपालिकेचे स्वातंत्र्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, आणि नेमणुकीत न्यायपालिकेचे प्राधान्य हा त्या स्वातंत्र्याचा. विरोधी मत न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचे. न्यायवृंदाचे काम बंद दाराआड चालते, त्याची कारणे कुणालाच कळत नाहीत, ही त्यांची टीका आजही खोडून काढता आलेली नाही.

आयोगाची कल्पना वाईट होती असे आम्हाला वाटत नाही. तिची घडण सैल होती. नामवंतांची पात्रता लिहिली असती, दोघांचा नकाराधिकार काढला असता आणि न्यायमूर्तींचे बहुमत ठेवले असते, तर न्यायालयाला तो रद्द करणे बरेच अवघड गेले असते.

'अतिरिक्त न्यायाधीश' आणि 'कायम न्यायाधीश' यांत फरक काय? दोघेही निकाल देतातच की.
— अमरावतीतील एक वकील

निकालाच्या ताकदीत काहीच फरक नाही. फरक खुर्चीच्या खात्रीत आहे, आणि स्वातंत्र्याच्या चर्चेत हा मुद्दा जितका यायला हवा तितका येत नाही.

अनुच्छेद २२४ प्रमाणे काम तात्पुरते वाढले किंवा तुंबले तर जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी अतिरिक्त न्यायाधीश नेमता येतात. कल्पना अशी की तुंबलेले काम उरकले की ती जागा संपेल. काम कधीच उरकले नाही. त्यामुळे उच्च न्यायालयात येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी अतिरिक्त म्हणून येतो आणि दोन वर्षांनी कायम होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या ९४ मंजूर पदांपैकी २३ अतिरिक्त आहेत. तात्पुरती सोय म्हणून आणलेली ही तरतूद आता उमेदवारीचा काळ होऊन बसली आहे.

ज्याला दोन वर्षांनी कायम व्हायचे आहे त्याच्यासमोर रोज सरकारविरुद्धचे अर्ज येतात : भूसंपादन, अटकपूर्व जामीन, निविदा. कायम करण्याची फाइलही सरकारमार्गेच जाते. बहुतेक न्यायाधीश याची फिकीर करत नाहीत. तरी त्यांच्यावर ही पाळी आणणारी व्यवस्था बरी नव्हे.

एक प्रसंग अनेकांना आठवत असेल. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या एका अतिरिक्त न्यायाधीशांना कायम करण्याची शिफारस झाली. त्यांनी बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत दिलेल्या निकालांवर देशभर टीका झाली आणि शिफारस मागे घेतली गेली. नेहमीच्या दोन वर्षांऐवजी त्यांना एकाच वर्षाची मुदतवाढ मिळाली. पुढल्या वर्षी ती संपताना त्यांनी राजीनामा दिला. त्यांचा निकाल चुकीचा होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो अपिलात फिरवलाही. निकालाची चूक दुरुस्त करायची जागा अपील हीच. ती चूक न्यायाधीशाच्या मुदतीत वजा होऊ लागली, तर उद्या लोकांना न रुचणारा पण बरोबर असलेला निकाल देणाऱ्यालाही हाच हिशेब करावा लागेल.

न्यायाधीशांची दूरच्या राज्यात बदली ही शिक्षा असते का?
— कोल्हापूरमधील एक वाचक

कायद्याने नाही. अनुच्छेद २२२ खालची बदली फक्त जनहितासाठी करता येते, हे १९७७ च्या संकलचंद शेठ खटल्यात स्पष्ट झाले. शेठ हे आणीबाणीतल्या त्या १६ जणांपैकीच. गुजरातेतून त्यांना आंध्र प्रदेशात धाडले होते. न्यायाधीशाची संमती मात्र लागत नाही. आता बदलीची शिफारस पाच जणांचा न्यायवृंद करतो आणि आधी दोन्ही उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायमूर्तींचे मत घेतो. ठरावात कारण म्हणून बहुधा 'न्यायदानाच्या अधिक चांगल्या कामासाठी' अशा अर्थाची एक ओळ असते. खरे कारण चांगले असो वा वाईट, त्या ओळीवरून ते कळत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक बदलीभोवती कुजबुज सुरू होते.

मुलगी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला न्यायाधीश व्हायचे आहे. तालुक्याच्या न्यायालयातली नेमणूकही अशीच दिल्लीतून होते का? वशिला लागतो का?
— नांदेड जिल्ह्यातील एक पालक

दिल्लीचा काही संबंध नाही. वशिलाही नको, अभ्यास हवा. तालुक्याच्या न्यायालयातले पहिले पद म्हणजे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग. अनुच्छेद २३४ प्रमाणे ही भरती लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने होते. महाराष्ट्रात एमपीएससी पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत घेते. मुलाखतीला बसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा सल्ला सहसा मानलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे बाहेरचा हात पोचायला इथे जागा कमी.

मुलीसाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षे वकिलीची अट परत आणली. पदवी घेऊन थेट परीक्षेला बसण्याचा रस्ता त्याने बंद केला. त्या निकालाप्रमाणे वकिलीचा काळ तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायचा असतो. म्हणून पदवी परीक्षेचा निकाल लागताच नोंदणी करून घ्यावी. अखिल भारतीय बार परीक्षेपर्यंत थांबून राहिले तर ते महिने हकनाक जातात. अनुभवाचे प्रमाणपत्र किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे हवे, आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण हवे. नुसती सनद काढून घरी अभ्यास करत बसलेल्यांची गाडी इथेच अडेल. मुलीने पहिल्या दिवसापासून वकीलपत्रावर स्वतःचे नाव घालावे, हजेरीची नोंद असलेल्या रोजनाम्यांच्या प्रती तारीखवार एका फाइलीत ठेवाव्यात. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही या तीन वर्षांत धरले जाते. अर्ज भरताना मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीतली अट अक्षर न अक्षर वाचावी.

जिल्हा न्यायाधीशपदासाठी थेट वकिलांतूनही भरती होते. त्यासाठी सात वर्षे वकिली लागते आणि नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात. नेमणुकीनंतरच्या बढत्या, बदल्या, रजा आणि शिस्त हे सगळे अनुच्छेद २३५ ने उच्च न्यायालयाकडे दिले आहे. मंत्रालयातून तालुका न्यायाधीशाची बदली करता येत नाही ती यामुळे. इमारत, कर्मचारी आणि लघुलेखक यांचा पैसा मात्र राज्य सरकारच देते, आणि तिथे हात आखडता घेतला की त्याचा फटका थेट तारखांना बसतो.

अपात्र माणसाची नेमणूक झाली तर सामान्य नागरिक न्यायालयात जाऊ शकतो का? आणि न्यायवृंदात काय चर्चा झाली ते माहिती अधिकारात मिळेल का?
— ठाण्यातील एक कार्यकर्ता

पात्रता आणि योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रता म्हणजे घटनेतली अट : उच्च न्यायालयासाठी दहा वर्षे न्यायिक पद किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयातील वकिली. ती नसेल तर नेमणुकीला आव्हान देता येते. १९९२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयासाठी नियुक्तीपत्र निघालेल्या एका अधिकाऱ्याची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यांचे आधीचे पद न्यायिक नव्हतेच, असे दिसून आले होते. शपथ व्हायची होती म्हणून ते जमले. विचारविनिमयच झाला नाही, हे दुसरे मान्य कारण. माणूस योग्य आहे का, त्याची जुनी भाषणे, राजकीय ओढ, यांत न्यायालय शिरत नाही. २००९ च्या महेशचंद्र गुप्ता खटल्यात हे ठरले आणि २०२३ मध्ये त्याच आधारावर एक आव्हान फेटाळले गेले. तेव्हा याचिका लिहिताना पात्रतेचा मुद्दा नसेल तर वेळ आणि पैसा घालवू नका.

माहिती अधिकाराचे उत्तर अर्धे हो आहे. सरन्यायाधीशांचे कार्यालय या कायद्याखाली येते, हे १३ नोव्हेंबर २०१९ रोजी घटनापीठाने सांगितले. पण न्यायवृंदातली चर्चा मिळणार नाही, ठराव झाला असेल तरच तो जाहीर होईल, हेही २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्पष्ट झाले. २०१७ च्या ऑक्टोबरपासून ठराव संकेतस्थळावर येऊ लागले. त्यांत कारणे कधी सविस्तर असतात, कधी दोन ओळी. ज्याचे नाव वगळले त्याची बदनामी होऊ नये ही सबब समजण्यासारखी आहे. ज्याचे नाव घेतले त्याची कारणे लपवायला मात्र ती चालत नाही.

न्यायाधीशाविरुद्ध तक्रार कुठे करायची? 'महाभियोग' आजवर कुणावर यशस्वी झाला आहे का?
— परभणीतील एक पक्षकार

निकाल चुकला असे वाटत असेल तर तक्रार नव्हे, अपील किंवा पुनरीक्षण. तक्रारअर्जात 'माझ्याविरुद्ध निकाल दिला' एवढेच असेल तर तो दप्तरी दाखल होतो. गैरवर्तन म्हणजे पैसे मागणे, एका पक्षाला एकांतात भेटणे, खटल्यात स्वतःचा संबंध लपवणे. जिल्हा किंवा तालुका न्यायाधीशाबद्दल अशी तक्रार असेल तर ती उच्च न्यायालयाच्या महानिबंधकांकडे करा. सोबत शपथपत्र जोडा, आणि तारीख, वेळ, दाव्याचा क्रमांक, कोण हजर होते, हे लिहा. निनावी अर्जाला किंमत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींबद्दल असेल तर त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे किंवा सरन्यायाधीशांकडे. तिथे १९९९ पासून अंतर्गत चौकशीची पद्धत आहे.

पदावरून दूर करणे ही वेगळी आणि फार लांबची वाट आहे. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्यांचा प्रस्ताव लागतो. सभापतींनी तो दाखल करून घेतला तर १९६८ च्या कायद्याप्रमाणे तिघांची समिती चौकशी करते : सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती, एका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक कायदेपंडित. समितीने दोषी ठरवले तरच मतदान, आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत व हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश मत हवे. १९९३ मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना समितीने दोषी ठरवले होते. लोकसभेत १९६ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. प्रस्ताव पडला. २०११ मध्ये न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेत मंजूर झाला. लोकसभेत येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला.

अट इतकी कडक का, असे तुम्ही पत्रात विचारले आहे. १९७३ ला डावलले गेलेले तिघे काढून टाकलेले नव्हते, हे लक्षात घ्या. साध्या बहुमताने काढता आले असते तर सरकारला डावलण्याचीही गरज पडली नसती. त्याच कारणाने न्यायाधीशांचे पगार संचित निधीवर भारित आहेत : विधिमंडळात त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. नेमणुकीनंतर पगार-भत्त्यांत त्यांच्या तोट्याचा बदल एरवी करता येत नाही. तुम्ही पत्रात लिहिलेली तुमच्या दाव्यातली तक्रार मात्र पैशाच्या मागणीची असल्याने तिला संसदेची वाट पाहायची गरज नाही. शपथपत्रासह अर्ज महानिबंधकांना नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.